आतड्याचा कॅन्सर लिव्हरला गेलाय. ऑपरेशनचं विचारायचं की विषय संपला?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ आज आली.

बाबा ६४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या बाजूच्या आतड्याचं (सिग्मॉइड म्हणतात तो भाग) ऑपरेशन झालं. १९ लिम्फ नोड तपासले, त्यातल्या २ मध्ये सापडलं, म्हणून आठ केमो झाल्या. त्या संपून पाच महिने झालेत. माणूस चांगला सावरला होता, सकाळी चालून येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन यायला लागला होता. आणि आता रक्तातलं सीईए (कॅन्सरची खूण दाखवणारी तपासणी) २.८ वरून ४१. सीटी केला तर लिव्हरमध्ये चार डाग, सगळ्यात मोठा ४.२ सेंमी. फुप्फुसं स्वच्छ आहेत.

केमो देणारे डॉक्टर म्हणाले, ही चौथी स्टेज, आता ऑपरेशनचा प्रश्न येत नाही, केमो देत राहू. सोमवारची तारीख दिलीय. भावाचा मित्र म्हणतो, लिव्हर कापलं तरी पुन्हा वाढतं, कापून टाका. मामांचं एकच, शस्त्र लागलं की पसरतं. आई कुणाशीच बोलत नाही, नुसती तांदूळ निवडत बसते. काल तेच तांदूळ दुसऱ्यांदा निवडत होती.

चौथ्या स्टेजला खरंच कुणी लिव्हरचं ऑपरेशन करतं का? कुणाच्या घरी झालंय का? खरं सांगा, धीर द्यायला म्हणून काही नको.

मुगाची_उसळ

ताई, काळजी करू नका. आमच्या शेजारच्या काकांना गुळवेलीच्या काढ्याने फार गुण आला. रोज सकाळी अनशापोटी अर्धा पेला. लिव्हरसाठी उत्तमच असतो.

निवृत्त_मोजणीदार

उसळवाल्यांचा हेतू चांगला आहे, पण ताई, गुळवेल आधी घराबाहेर काढा. गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवून ठेवलेत. ज्या लिव्हरच्या जिवावर पुढचं सगळं करायचं, त्याच्यावर प्रयोग नकोत.

आता तुमच्या प्रश्नाचं. हो, करतात. माझं झालंय. मी भूमी अभिलेखात ३१ वर्षं भूकरमापक होतो, जुन्नर, मावळ, शेवटी पुरंदर. हे सांगायचं कारण असं, की माझं लिव्हर मला मोजणीच्या भाषेतच कळलं, आणि मी सांगणार तेही त्याच भाषेत.

२०१८ च्या जूनमध्ये शौचातून रक्त पडायला लागलं. एका डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याधीचं मलम दिलं. मीही शहाणा, सात महिने लावत बसलो. २०१९ च्या फेब्रुवारीत दुर्बीण घातली तेव्हा सिग्मॉइडमध्ये गाठ निघाली, म्हणजे तुमच्या बाबांच्याच जागी. आणि लिव्हरमध्ये पाच. उजव्या भागात तीन, त्यातली एक ६ सेंमीची, आणि डावीकडे वाटाण्याएवढ्या दोन. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, "आजोबा, आता खा-प्या, आनंदात राहा." मी ५७ चा होतो. निवृत्तीला जेमतेम वर्ष होतं. कॅन्सरपेक्षा त्या 'आजोबा'चा राग आला, आणि त्या रागातच दुसऱ्या ठिकाणी गेलो.

तिथे लिव्हरचेच सर्जन होते. त्यांनी पहिल्यांदा हा रोग लिव्हरलाच का जातो ते सांगितलं. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेने आधी लिव्हरमध्ये येतं, मग पुढे हृदयाकडे. ओढ्याचं पाणी आधी बंधाऱ्यात यावं तसं. मग गाळही पहिल्यांदा बंधाऱ्यातच बसणार. मी समजत होतो की लिव्हरला गेला म्हणजे अंगभर गेला. तसं असतंच असं नाही. कधी कधी तो तिथेच अडकलेला असतो, आणि ऑपरेशनला अर्थ आहे तो त्यामुळेच.

मग त्यांनी कागदावर लिव्हर काढून त्याचे आठ भाग पाडले. प्रत्येक भागाला शिरेची आपली फांदी, धमनीची आपली फांदी, पित्ताची आपली नळी. कुईनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९५७ मध्ये ही वाटणी लिहून ठेवलीय म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर, हे तर आमचे पोटहिस्से झाले. गट एक, पोटहिस्से आठ, प्रत्येकाची वाट वेगळी, पाट वेगळा. एक हिस्सा काढून घेतला तरी शेजारच्याचं पाणी तुटत नाही. ते हसले. म्हणाले, मग तुम्हाला पुढचं पटकन कळेल.

पुढचं म्हणजे, किती काढायचं हे ते विचारतच नव्हते. उरणार किती, एवढंच विचारत होते. पूर्वी गाठी मोजायचे, चाराच्या आत असल्या तरच हात लावायचे. आता सगळ्या गाठी निघून जे उरेल त्यावर माणूस जगेल का, ते बघतात. लिव्हर धड असेल तर एकूणाच्या साधारण पाव भागावर निभतं. बरीच केमो झालेल्याला ३० टक्के तरी लागतात, सिरोसिसवाल्याला ४०. सीटीवरून मोजणी झाली: माझं एकूण १२५० मिली, उजवं सगळं काढलं तर डावं उरणार २९०. म्हणजे २३ टक्के. त्यातून ते दोन वाटाणे काढायचे म्हणजे आणखी थोडी घट. क्षेत्र कमी भरत होतं.

पण त्यांनी फाईल बंद केली नाही. आधी चार केमो दिल्या, ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्या. बाबांना ते माहीत असेलच. मला ऐन एप्रिलात माठातलं पाणी चालेना. तांब्याला हात लावला की बोटांत टाचण्या, आणि एक घोट घेतला तर घसा कुणीतरी मुठीत धरल्यासारखा. घरात सगळे बर्फ घालून पन्हं पीत होते आणि मी कोमट पाण्याची वाटी घेऊन त्यांच्याकडे बघत होतो.

जूनमध्ये पहिलं ऑपरेशन झालं. आतड्याची गाठ आणि डावीकडचे दोन वाटाणे त्यातच काढले. पोटावर पिशवी लागली नाही. पंधरा दिवसांनी जे केलं त्याला मी 'पाट बुजवणं' म्हणतो. बरगडीखालून सुई घालून, लिव्हरच्या उजव्या भागाला जाणारी पोर्टल व्हेनची फांदी आतून बंद केली. मी जागाच होतो, छतावरच्या फरशा मोजत. उजव्याचं पाणी तोडलं की सगळं डाव्याला मिळतं आणि ते फुगायला लागतं. पाच आठवड्यांनी फेरमोजणी केली: ४१० मिली, ३३ टक्के! मी म्हटलं, मला याची 'क' प्रत द्या. जमीन मोजल्यावर आम्ही मालकाला नकाशा देतो ना, ती. त्यांना आधी कळलं नाही, मग प्रिंट काढून दिली. माझ्या पेटीत सातबाऱ्याच्या वर ठेवलीय.

'लिव्हर पुन्हा वाढतं' ते एवढ्याच अर्थाने खरं आहे. कापलेला हिस्सा परत उगवत नाही. राहिलेला आपल्या अंगाने भरतो. भावाच्या मित्राला सांगा, ते पालीचं शेपूट नाही.

ऑगस्टमध्ये दुसरं ऑपरेशन, लिव्हरचा उजवा भाग काढला. साडेसहा तास. रक्त कमी जावं म्हणून लिव्हरकडे येणाऱ्या शिरा-धमनीला चिमटा लावतात, पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, पुन्हा बंद. आमच्याकडची पाणीवाटपाची पाळीच ती! ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ मध्ये हे लिहिलं, आणि आजही तेच चालतं.

आता त्रासाचं, कारण तुम्ही खरं मागितलंत. पाचव्या दिवशी पोटातल्या नळीतून लालसर पाणी यायचं ते शेवाळी पिवळं यायला लागलं. पित्त. कापलेल्या कडेवरची एखादी बारीक नळी गळत होती. सिस्टर पिशवीवर पेनाने रेघ मारून वेळ लिहायची, आणि मी उशाखालच्या वहीत आकडे उतरवायचो: १८०, १६०, १६५, ११०, ७०. १६० चं १६५ झालं त्या रात्री मी बायकोला बँकेचं सगळं सांगून ठेवलं. पाच मिलीसाठी! बाराव्या दिवशी नळीसकट घरी आलो, नळी निघाली २६ व्या दिवशी. तीन महिने जिना चढताना प्रत्येक टप्प्यावर थांबत होतो.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. २०२१ च्या मार्चमध्ये उरलेल्या लिव्हरमध्ये पुन्हा एक डाग निघाला, १.६ सेंमीचा. तो सुई घालून मायक्रोवेव्हने जाळला आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. तेव्हापासून काही नाही. पण स्कॅनच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. ऑपरेशन झालेल्यांतही निम्म्याहून जास्त जणांना तो पुन्हा कुठेतरी उगवतो, आणि पाच वर्षांनी असणारे दहातले चार, फार तर पाच. हे माझ्या सर्जननेच सही घेण्याआधी सांगितलं होतं.

म्हणून ताई, एकच करा. सोमवारच्या आत तो सीटी लिव्हरचं ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनच्या डोळ्याखालून घाला. केमोला विरोध म्हणून नाही. केमोने बारके डाग स्कॅनवरून पुसले जातात आणि घरात पेढे वाटतात. पण हद्दीचा दगड कुणी उपटला म्हणून हद्द सरकत नाही. पेशी बऱ्याचदा तिथेच असतात, आणि मग सर्जनला कुठे कापायचं ते सापडत नाही. म्हणून केमोच्या आधीचा नकाशा त्याच्या हातात हवा. 'ऑपरेशन होणार नाही' हे कधीच लिव्हर न कापणाऱ्याने ठरवू नये. लिव्हरवाल्याने नाही म्हटलं तर ती गोष्ट वेगळी.

रात्रपाळी

मी सर्जरीची रेसिडेन्सी करतोय. रिपोर्ट न बघता सल्ला देत नाही, पण काकांच्या पोस्टला थोडी भर.

केमो आठ-दहा दिवस पुढे गेली तर सहसा काही बिघडत नाही, तरी केमोच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगूनच पुढे ढकला. त्यांच्याशी भांडू नका, ते पुढेही लागणार आहेत. जिथे सर्जन, केमोवाले आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात (ट्यूमर बोर्ड) तिथे जा.

मागच्या वर्षीच्या आतड्याच्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो. त्यावर आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या तपासण्या झाल्यात का बघा. औषध निवडणं त्यावर ठरतं. केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिलं तर ऑपरेशनच्या आधी साधारण सहा आठवडे ते थांबवावं लागतं, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. आणि लिव्हरच्या खास कॉन्ट्रास्टचा एमआरआय सांगतील. सीटीत न दिसलेले बारके डाग त्यात दिसतात. तुमचे चार ऐनवेळी सहा निघाले तर घाबरू नका, ते आधी कळलेलं बरं.

मामांचं अगदीच खोटं नाही. ऑपरेशनने पसरत नाही, पण काढण्यासारख्या डागात तपासणीसाठी सुई घातली तर तिच्या वाटेवर पेशी सांडायची थोडी भीती असते. म्हणून सर्जनला विचारल्याशिवाय लिव्हरची बायोप्सी करून घेऊ नका.

काकांचा डाग जाळला त्याबद्दल: नेदरलँड्समधल्या कोलिजन नावाच्या चाचणीत ३ सेंमीपर्यंतच्या डागांना जाळणं हे कापण्यापेक्षा उणं पडलं नाही, आणि त्रास कमी झाला. बाबांचा ४.२ वाला त्यात बसत नाही, बाकीचे बसू शकतील. कापणं आणि जाळणं एकाच ऑपरेशनमध्येही करतात.

इंटरनेटवर लिव्हर ट्रान्सप्लांटचं वाचाल. २०२४ मध्ये फ्रान्समधून ट्रान्समेट नावाच्या चाचणीचे आकडे आले: पाच वर्षांनी ट्रान्सप्लांटच्या गटात ५७ टक्के लोक होते, नुसत्या केमोच्या गटात १३. पण ते फार पारखून घेतलेले रुग्ण होते, ज्यांचं कापून काढता येतच नव्हतं. बाबांच्या बाबतीत आज तो विषय नाही.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

गोदावरीची_लेक

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. मी दुसरी बाजू लिहिते. कोयनाकाठ, तू खरं मागितलंस म्हणूनच.

२०२२. ह्यांचे दोनच डाग होते, स्कॅन बघून सर्जन म्हणाले होते, निघतील. चार तास लागतील असं सांगितलं होतं. मी डबा, पाण्याची बाटली, पोथी असं सगळं घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बैठक मारली. पाऊण तासात सर्जन बाहेर आले. मला वाटलं, अरे वा, लवकर झालं.

दुर्बिणीतून आत बघितलं तर पोटाच्या अस्तरावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होते. स्कॅनमध्ये त्यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांनी काही न कापता पोट बंद केलं. तेव्हा मी त्यांच्यावर फार चिडले, आता नाही. मोठं पोट फाडून मग कळलं असतं तर केमो सुरू करायलाच दीड महिना गेला असता. त्या तीन भोकांमुळे ती पंधरा दिवसांत सुरू झाली. ह्यांना १९ महिने मिळाले. त्यात मुलीची दहावी झाली, आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन हे स्वतः चाळीत फिरले.

तेव्हा विचारून ठेव, आत गेल्यावर वेगळं दिसलं तर काय करणार. आणि परळला टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तर राहायचं आधी बघ. नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे गर्दी असते, कागद घेऊन सकाळीच जा.

कोयनाकाठ

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळं वाचत होते. काका, तुमची पोस्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. 'आजोबा'वर ते पहिल्यांदा हसले.

सोमवारची केमो सांगून पुढे ढकलली. डॉक्टर थोडे नाराज झाले, पण चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली. लिव्हरच्या सर्जननी सीटी जवळजवळ वीस मिनिटं बघितला, वर-खाली, वर-खाली. मग एमआरआय केला. रात्रपाळी, तुमचं खरं ठरलं, पाचवा सापडला, ६ मिमीचा. पण चार डाग उजवीकडे मागच्या बाजूला, सहा आणि सात नंबरच्या पोटहिश्श्यात एकमेकांना लागून आहेत. पाचवा डावीकडे, तीन नंबरमध्ये, अगदी वरवर. ते दोन पोटहिस्से काढायचे आणि डावीकडचा खरवडल्यासारखा काढायचा. उरणार ६५ टक्के. पाट बुजवायची गरज नाही म्हणाले.

केआरएएस (आरएएसमधलंच एक जनुक) बदललेलं निघालं, त्यामुळे काही औषधं बाद झाली. ट्यूमर बोर्डाने असं ठरवलं की आधीची केमो संपल्यावर इतक्या लवकर आलंय म्हणून दोन महिने वेगळी केमो द्यायची (फोलफिरी, चार वेळा), रोग कसा वागतो ते बघायचं आणि मग ऑपरेशन. बेव्हॅसिझुमॅब सध्या घालायचं नाही. मध्ये काही नवीन उगवलं तर सगळं पुन्हा ठरवायचं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोदावरीताई, तुमचा प्रश्न मी विचारला. आधी दुर्बिणीनेच बघणार आहेत.

येताना एसटीत बाबा बराच वेळ गप्प होते. कराड यायला आलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे पस्तीस उतरणार आणि पासष्ट बसून राहणार. गाडी चालते तेवढ्यावर." आईने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, भाकरी टाकू की भात लावू.

निवृत्त_मोजणीदार

बाबांना म्हणावं, पावती फाडू नका इतक्यात, उतरणाऱ्यांची नीट मोजदाद होऊ द्या.

या वेळच्या औषधाला माठाच्या पाण्याचं तसं काही नाही. पोटाचं बघा, जुलाब फार होतात. गोळ्या कधी आणि किती घ्यायच्या ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या आणि त्या बाबांच्या खिशात राहू द्या, तुमच्या पर्समध्ये नको. एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर येऊ नका. आणि त्या ६५ टक्क्यांची प्रिंट. त्यांना वाटेल काय खुळी बाई आहे. वाटू दे, मागा.